फोटो न काढणारे फोटोग्राफर

माझ्या साडूंइतक्या जय्यत तयारीनं फोटो न काढणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात शोधून सापडणार नाही. फोटो काढता न येणारे पुष्कळ असतात. मी स्वतः त्यांतलाच आहे. माझ्या फोटोंत माणसांची डोकी उडालेली असतात आणि माझं बोट मात्र हमखास आलेलं असतं. साडूंचं तसं नाही. त्यांना सगळं येतं. उजेड काचेतून जाताना किती वाकतो, कोणती काच कोणत्या देशात घासतात, लहान छिद्रातून येणाऱ्या आणि मोठ्या छिद्रातून येणाऱ्या उजेडाच्या स्वभावात काय फरक असतो, हे ते अकोला स्टेशनपासून बडनेऱ्यापर्यंत श्वास न घेता सांगू शकतात, आणि मूर्तिजापूरला गाडी थांबली तर चहाच्या घोटाघोटाला सांगतात. फक्त बटण दाबायची वेळ आली की काहीतरी आडवं येतं. कधी ढग येतो, कधी ढग जातो, आणि दोन्हीपैकी काहीच झालं नाही तर बॅटरी संपते.

साडूंची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत नकाशे तपासण्यात गेली. दुसऱ्यांनी काढलेल्या रेघा सरळ आहेत की नाहीत, हे बघत ते पंचावन्न वर्षांचे झाले, आणि एक दिवस स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी घरात जाहीर केलं की आजपासून आपण फोटोग्राफर. त्या आठवड्यात त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे व्हिजिटिंग कार्ड छापून घेतलं. त्यावर नावाखाली 'प्रोफेशनल फोटोग्राफर' आणि त्याखाली 'फाइन आर्ट, वाइल्डलाइफ, पोर्ट्रेट' असं होतं. आणि दुसरी म्हणजे ते पुष्कळ खिशांचं, खाकी, बिनबाह्यांचं जाकीट घेतलं. अकोल्याच्या मे महिन्यात, जेव्हा शहाणी माणसं कूलरपुढून हलत नाहीत आणि कावळेसुद्धा चोच उघडी टाकून सावलीत बसतात, तेव्हा साडू ते जाकीट घालून किराणा आणायला जात. माझी बायको त्यांची धाकटी मेहुणी. तिनं पहिल्याच भेटीत निरागसपणे विचारलं, "भाऊजी, लग्नाचे फोटो काढता का?" एखाद्या शल्यविशारदाला दाढी करता का असं विचारावं, तसे ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते काम करणारे वेगळे. आम्ही वेगळे."

हे 'आम्ही' म्हणजे कोण, ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण त्या आम्हींची भाषा वेगळी होती. एरवी साडू अस्सल वऱ्हाडी बोलतात. कॅमेरा हातात आला की मात्र त्यांच्या तोंडी पुस्तकी मराठी येते आणि तीत इंग्रजी शब्द हरभऱ्यात खडे यावेत तसे लागतात. "या फ्रेमला डेप्थ नाही," "हा लाइट मेलेला आहे," "ही स्किन टोन मला मान्य नाही." ही शेवटची टीका माझ्या चेहऱ्याबद्दल होती. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी बाळाला पाळण्यातून उचलून तीन खिडक्यांपाशी नेलं आणि तिन्ही ठिकाणचा लाइट नाकारून परत पाळण्यात ठेवलं. तोवर बाळाचं नाव ठेवून झालं होतं आणि आत्याला पुन्हा एकदा वाकून बाळाच्या कानात बोलल्याचं नाटक करावं लागलं. ते फोटो आम्हाला अजून मिळालेले नाहीत. "एडिटिंग बाकी आहे," असं साडू सांगतात. मुलगी आता चौथीत आहे.

त्यांचा खरा राग होता तो मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांवर. "हातात फोन आला की झाले फोटोग्राफर!" असं ते म्हणत, आणि म्हणताना नजर जायची ती त्यांच्या बायकोकडे. माझ्या बायकोच्या या थोरल्या बहिणीला घरात सगळेच ताई म्हणतात, मीही. ताईंचा फोन त्यांच्या मुलानं वापरून टाकलेला होता. त्याची काच कोपऱ्यातून तडकलेली होती, आणि त्या स्वयंपाक करता करता, भाजी घेता घेता, रिक्षात बसल्या बसल्या त्यावर फोटो काढत. काढून झाला की आमच्या घरच्या ग्रुपवर टाकत आणि खाली एक ओळ लिहीत. वांगी विकणाऱ्या बाईनं उन्हापासून वांग्यांवर पदर धरलाय आणि स्वतः उन्हात बसलीय, असा एक फोटो होता. खाली ताईंनी लिहिलं होतं, "हिले म्हटलं डोक्यावर घे पदर. म्हणे वांगे सुकतील, मी काय सुकून राहिली." ग्रुपवरचे सगळे त्यावर हात जोडलेली आणि हसणारी चित्रं टाकत. साडू फक्त एवढंच लिहीत, "होरायझन तिरपं आहे."

एकदा मी अकोल्याला गेलो असताना साडू मला जुन्या शहरात फोटोग्राफी दाखवायला घेऊन गेले. ताईंना तिकडे गादी भरून घ्यायची होती, म्हणून त्याही आल्या. मोर्णा नदीचा पूल ओलांडून गल्लीत शिरलो, तर एका अंधाऱ्या दुकानात एक म्हातारे चाचा कापूस पिंजत बसलेले. मागच्या भिंतीत वर एक झरोका होता. त्यातून उन्हाची एक तिरीप आत आली होती, आणि त्या तिरिपीत कापसाचा तंतू न् तंतू तरंगत होता. चाचांची दाढी कुठं संपते आणि कापूस कुठं सुरू होतो, ते कळत नव्हतं. माझ्यासारख्या बोटाचे फोटो काढणाऱ्या माणसालाही कळलं, की बघावं ते हेच. मी आशेनं साडूंकडे बघितलं. साडू घाईघाईनं बॅगेची चेन लावत होते. कॅमेरा त्यांनी पोटाशी धरला होता, लेकराला कुत्र्यापासून वाचवावं तसा. "फायबर आहे हवेत," ते ओरडले. "सेन्सरवर बसलं तर संपलंच!" आणि ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. चाचांनी पिंजणं थांबवलं. त्यांच्याकडे बघून ते म्हणाले, "क्या साब, इतनी बड़ी तोप लेके आए, अन् कपास से डर गए?" त्यावर ताई हसल्या, चाचा हसले, आणि हसणाऱ्या चाचांचा फोटो ताईंनी त्या तडकलेल्या फोनवर काढला. गादीचं ठरवून आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर साडूंनी मला सेन्सर कसा स्वच्छ करतात ते सविस्तर सांगितलं.

तीर्थक्षेत्र रिद्धपूरलाही असंच. तिथल्या एका वृद्ध संन्यासिनीबाईंना त्यांनी ओट्यावरून उठवून उजेडात, उजेडातून सावलीत आणि सावलीतून परत ओट्यावर बसवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "बापू, सावकाश काढा. आमाले कुठीच जायचं नाही." साडूंनी इतकं सावकाश घेतलं, की बाईंची जेवणाची वेळ झाली आणि त्या उठून आत गेल्या. उरला तो रिकामा ओटा. त्याचा मात्र फोटो निघाला, आणि तो अत्यंत सुस्पष्ट आहे.

आता ज्या प्रसंगानं आमच्या घरात सहा महिने अबोला झाला, त्याच्याकडे यायला हवं. आमच्या सासूबाई अंजनगाव सुर्जीला राहतात. वय ऐंशीच्या पुढं, कान शाबूत, डोळे अधू. गेल्या दिवाळीनंतर आम्ही दोन्ही जावई बायकांसह तिकडे गेलो होतो. साडूंनी ठरवलं होतं, की या खेपेला सासूबाईंचं पोर्ट्रेट करायचंच. जेवणं झाल्याबरोबर अंगणात कॅमेऱ्याची तिवई उभी राहिली, उजेड पसरवणाऱ्या छत्र्या उघडल्या, आणि सासूबाईंना मुगाच्या डाळीच्या सुपासकट खाटेवर बसवण्यात आलं. दोन तास साडू मागं-पुढं होत होते. शेवटी डोळा कॅमेऱ्याला लावून ते एकदम थबकले आणि सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या चष्म्यावर काय आहे?"

चष्म्यावर काय नव्हतं! हळद होती, तेलाचं बोट होतं, पिठाचा थर होता. कितीतरी दिवस सासूबाई त्या काचांतून जग बघत होत्या आणि डोळे गेले म्हणून कुरकुरत होत्या. आम्हा कोणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं; लेकींच्याही नाही. पण घाणेरडी काच ही गोष्ट साडूंना सहन होण्यातली नव्हती. त्यांनी कॅमेरा सोडला, सासूबाईंचा चष्मा हलकेच काढून घेतला आणि खाटेपाशी जमिनीवर मांडी घातली. जाकिटाच्या एका खिशातून रबरी फुगा निघाला, दुसऱ्यातून उंटाच्या केसांचा म्हणे ब्रश, तिसऱ्यातून बाटली, चौथ्यातून घडी केलेलं मऊ फडकं. आधी हवा मारली, मग ब्रश फिरवला, मग एकेका काचेवर एकेक थेंब टाकून ते आतून बाहेर असे गोल गोल पुसत राहिले. जीभ दातांत धरलेली, टकलावर घाम. सासूबाईंना चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं. जावई चष्मा घेऊन कुठं जातो की काय, म्हणून त्यांनी एक हात त्यांच्या खांद्यावर घट्ट धरून ठेवला होता आणि मान वर करून कुठंतरी आभाळाकडे बघत होत्या. पंधराएक मिनिटांनी साडूंनी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला. सासूबाईंनी दोनदा डोळे मिटले, उघडले, आणि समोरच्या माणसाकडे बघून त्या चकित होऊन म्हणाल्या, "अवो जवाईबापू, तुमी एवढे म्हातारे कवा झाले?"

सगळे हसले. साडूही हसले. मग त्यांनी वर बघितलं आणि लाइट मेला असं जाहीर करून छत्र्या मिटवल्या. पोर्ट्रेट राहून गेलं. संध्याकाळी ग्रुपवर ताईंचा फोटो आला. एका हातात चहाचा ट्रे धरून दुसऱ्या हातानं काढलेला, त्यामुळं सगळं अंगण डावीकडं कललेलं. जमिनीवर पाठमोरे बसलेले साडू, त्यांचं चकाकणारं टक्कल, हातात चष्मा, आणि खांद्यावर सासूबाईंचा सुरकुतलेला हात. मागं तिवईवर तो मोठा कॅमेरा, कोणीच त्याच्याकडे बघत नसलेला. खाली ताईंनी लिहिलं होतं, "आई म्हणे डोळे गेले. याईनं चष्मा पुसून देला. मंग आईले पयले हेच दिसले. म्हणे जवाईबापू, एवढे म्हातारे कवा झाले?" साडूंनी मात्र तो उघडून पाहिलाच नाही; या एका फोटोखाली 'होरायझन तिरपं आहे' असं कोणी लिहिलं नाही.

पुढचं जे झालं, त्याला मी जबाबदार आहे. आम्ही राहतो त्या अमरावतीत एक हौशी मंडळ आहे. त्यांनी फोटोंची स्पर्धा ठेवली. अट अशी, की फोटोबरोबर चार ओळींत त्या फोटोची गोष्ट लिहायची. साडूंनी विड्याच्या पानावरच्या दवबिंदूचा फोटो पाठवला. तो पाहून खरोखर तहान लागत होती. पण चार ओळींत त्यांनी कॅमेरा, काच, छिद्र आणि तिवई यांची नावं लिहिली, एका ओळीत एक. आणि मी ग्रुपवरचा तो अंगणाचा फोटो उचलून ताईंच्या नावानं पाठवून दिला. कोणाला विचारलं नाही. ताईंची कला जगापुढं यावी म्हणून पाठवला, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं कारण इतकं उदात्त नव्हतं. मला साडूंची जिरवायची होती. माझ्या स्किन टोनचा हिशेब बाकी होता.

स्पर्धेच्या दिवशी साडू जाकीट घालून, कॅमेरा गळ्यात अडकवून, ताईंना बरोबर घेऊन आले. दवबिंदू पाण्याच्या पिंपाजवळ टांगला होता. "नॅचरल प्लेसमेंट," असं म्हणून साडू पुढं सरकले आणि मधल्या भिंतीवरच्या मोठ्या फोटोपुढं थांबले. तिथं गर्दी होती. साडूंनी मला जवळ ओढलं आणि शिकवायला घेतलं. "हे बघा, हे होरायझन. हे असं असतं का? हायलाइट जळाले. फ्रेमच्या मधोमध हे टक्कल, सगळा उजेड तिथंच जाऊन राहिला. कोणाचं आहे हे टक्कल?" शेजारी कॉलेजातली एक मुलगी चार ओळी मोठ्यानं वाचून मैत्रिणीला दाखवत होती. ती वाचून डोळे पुसत हसत होती. साडूंनी त्या चार ओळी वाचल्या. मग खालचं नाव वाचलं. आडनाव त्यांचंच होतं. हात आपोआप डोक्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. याच क्षणाची मी महिनाभर वाट बघितली होती. तो आला, तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पहिलं बक्षीस ताईंना मिळालं. नाव पुकारल्यावर त्या खुर्चीतून उठेचनात. कोणी तरी दुसरी बाई असेल म्हणून मागं वळून बघत होत्या. माझ्या बायकोनं ढकलत नेलं. पाहुण्यांनी माइकवर विचारलं, "ताई, कॅमेरा कोणता?"

"फोन हाय जी," ताई म्हणाल्या. "काच फुटेल हाय त्याची."

"तुम्ही प्रोफेशनल आहात का?"

"नाही जी. मी घरचीच."

सभागृहात टाळ्या पडल्या. एवढ्यात मंडळाच्या फोटो काढणाऱ्याचा काहीतरी घोळ झाला. संयोजकांची नजर पहिल्या रांगेतल्या जाकिटावर गेली आणि ते माइकवरून म्हणाले, "अहो फोटोग्राफर, या ना पुढं! बक्षिसाचा फोटो घ्या!" साडूंना चारचौघांत फोटोग्राफर म्हणून हाक मारली गेल्याचं माझ्या तरी आठवणीत ते पहिलंच. ते उठले. मला वाटलं, आता लाइट मरणार. पण त्यांनी दिवे पाहिले नाहीत, काही मोजलं नाही. कॅमेरा डोळ्याला लावला, एकदाच बटण दाबलं, आणि थेट दाराबाहेर निघून गेले.

तिसऱ्या दिवशी साडूंचा फोन आला. "तुमी तो फोटो कावून पाठवला?"

मी तयारीत होतो. "फोटो ताईंचा होता, भाऊसाहेब. तुम्हाला कशाला विचारायचं?"

"मले नका इचारू. तिले इचारलं का?"

एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला. नंतर ताईही म्हणाल्या, "मी तो घरच्याईसाठी काढला होता. लोकाईले दाखवाले नाही. लोकं याईच्या टकलावर हसले, मले आवडलं नाही ते." म्हणजे ज्याची जिरवायची त्याची जिरली होती, पण जिच्यासाठी फोटो पाठवला असं मी सांगत हिंडत होतो, तिलाही दुखावून बसलो होतो. सहा महिने अकोल्याहून ना साडूंचा फोन आला, ना ग्रुपवर ताईंचा एखादा फोटो. ग्रुपवर फक्त सुविचार येत राहिले.

शेवटी ताईंनीच आम्हाला गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे खायला अकोल्याला बोलावलं. वांग्याच्या भाजीचा वास फाटकापर्यंत आला होता. मी काय बोलायचं ते वाटभर जुळवत गेलो होतो. साडूंनी ते बोलूच दिलं नाही. दारातूनच म्हणाले, "इकडं या," आणि मला त्यांच्या कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं. भिंतीवरच्या कपाटात कॅमेऱ्याच्या काचा ओळीनं मांडलेल्या होत्या. त्यांत एक नवीनही होती. त्यांनी पडद्यावर एक फोटो उघडला.

बक्षिसाच्या वेळचा तो फोटो होता. पाहुणे अर्धे कापले गेले होते. मागच्या बॅनरवरची अक्षरं इतकी सुस्पष्ट, की शुद्धलेखनाच्या चुका मोजाव्यात. आणि समोर ताई, साफ पुसट. स्मृतिचिन्ह काखेत धरलेलं. त्या पाहुण्यांकडे बघत नव्हत्या, लोकांकडे बघत नव्हत्या. सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघत होत्या. भुवया उंचावलेल्या, ओठ अर्धवट उघडे. काही चुकलं तर नाही ना, असं विचारत असाव्यात, आणि विचारता विचारता हसू फुटलेलं.

"फोकस बॅनरवर बसला," साडू म्हणाले. "हात हालला माहा."

"काढून टाकायचा ना मग."

"पाहून राहिलो." ते खुर्ची पुढं ओढून बसले. मग म्हणाले, "एवढे वर्स झाले, हात कवा हालला नव्हता."

मी काही तरी विनोदी बोलणार होतो. ते सुचलं नाही, हे एक बरं झालं. आतून ताईंची हाक आली, "अवो, या ना जेवाले. सारं निवून राहिलं."

"थांब जरा," साडू म्हणाले. पण त्यांनी मान वळवली नाही. ते पडद्याकडेच बघत होते.